हवा बिघडण्याआधी सांगा: मुंबई महानगर प्रदेशाच्या हवेबाबत खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. आयुक्त, मुंबई महानगर प्रदेशातील सर्व महानगरपालिका

विषय: बदलत्या हवामानाचा विचार करून हवेच्या गुणवत्तेचा अंदाज संपूर्ण प्रदेशासाठी मिळावा आणि त्या अंदाजावरून आगाऊ उपाय व्हावेत, याबाबत.

महोदय/महोदया,

मी बदलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे दरवर्षी फळ्यावर काढते. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते, म्हणून वारा समुद्राकडे जातो. इतका सोपा धडा. पण मुंबईपासून कर्जतपर्यंतच्या सव्वादोन कोटींहून अधिक माणसांनी हिवाळ्यात कसली हवा छातीत घ्यायची, हे बऱ्याच अंशी हाच धडा ठरवतो. हे वारे आता ठरल्या वेळी आणि ठरल्या दिशेने वाहतीलच असे नाही. आपली हवेची सगळी व्यवस्था मात्र अजून जुन्या वेळापत्रकावर चालली आहे. म्हणून हे पत्र.

मुंबईच्या हवेचा विषय निघाला की बांधकामाची धूळ, वाहने, आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवणारे कारखाने), बेकऱ्यांच्या भट्ट्या, उघड्यावर जाळलेला कचरा यांची नावे घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत, कारण घाण तिथूनच येते. पण सोमवारी जेवढ्या गाड्या रस्त्यावर होत्या तेवढ्याच गुरुवारीही असतात, बांधकामेही तेवढीच असतात. तरी सोमवारी बरी असलेली हवा गुरुवारी हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या 'वाईट' वर्गात जाते. या तीन दिवसांत बदलतो तो वारा. त्याचबरोबर जमिनीलगतची हवा किती उंचीपर्यंत वर-खाली मिसळते, तेही बदलते. हिवाळ्यातल्या दुपारी धूर-धूळ साधारण किलोमीटरभर उंचीपर्यंत पसरायला जागा असते. रात्री जमीन निवते, खाली गार आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना होते आणि भांड्यावर झाकण ठेवावे तसा धूर काहीशे मीटरांत कोंडला जातो. झाकण किती वाजता बसणार आणि सकाळी किती वाजता निघणार, यावर दुसऱ्या दिवशीची हवा ठरते.

2022-23 च्या हिवाळ्याने हे ढळढळीत दाखवून दिले. ला निनाचे, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा भाग नेहमीपेक्षा गार राहण्याचे, ते सलग तिसरे वर्ष होते. नैऋत्य मोसमी पाऊस मुंबईतून 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो असे हवामान विभागाचे सरासरीचे गणित. त्या वर्षी तो 23 ऑक्टोबरला परतला. त्यानंतर मुंबईची हवा कित्येक दिवस दिल्लीपेक्षा वाईट होती. समुद्राच्या शेजारचे शहर धुरक्यात बुडालेले पाहून लोक चक्रावले. 'सफर' या हवा-अंदाज प्रणालीचे संस्थापक डॉ. गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या हिवाळ्याचा अभ्यास केला. त्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या शहरांची हवा नेहमीपेक्षा सुधारली आणि द्वीपकल्पातल्या शहरांची बिघडली. मुंबईत सूक्ष्म कणांचे प्रमाण आधीच्या वर्षांच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. उत्तरेकडून येणारे वारे वरचढ ठरले, मुंबईत जमिनीलगतचा वारा मंदावला आणि खाऱ्या-मतलई वाऱ्यांची जी आलटापालट शहर धुऊन काढते, ती लांबली.

तो एकच वाईट हिवाळा होता, असे समजून आपण पुढे गेलो. 2023 मध्ये ला निना संपून एल निनो आला. म्हणजे प्रशांत महासागरातली स्थिती नेमकी उलटी. तरीही ऑक्टोबरमध्ये मुंबई पुन्हा धुरक्यात होती. महापालिकेने 25 ऑक्टोबरला बांधकामांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, 31 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दिवाळीत फटाक्यांच्या वेळेवर मर्यादा आली. दोन अगदी वेगळ्या वर्षांत हवा बिघडली, पण ती एकाच कारणाने बिघडली असे मला वाटत नाही. एका वर्षी पाऊस उशिरा परततो, एका वर्षी लवकर. कधी अरबी समुद्रावर प्रत्यावर्त (जास्त दाबाचे, हवा खाली दाबणारे क्षेत्र) ठाण मांडते, कधी अवकाळी सर येऊन दोन दिवस आकाश धुऊन जाते आणि तिसऱ्या दिवशी त्याच ओलाव्याने कण फुगून धुरके अधिक दाट होते. 'मुंबईचा हिवाळा असा असतो' असे एक वाक्य पूर्वी लिहिता यायचे, आता येत नाही.

23 जानेवारी 2022 आठवा. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ पश्चिमी विक्षोभासोबत (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालीसोबत) गुजरातवरून कोकणापर्यंत आली. गाड्यांवर पांढरट थर बसला आणि मुंबईचे कमाल तापमान अनेक वर्षांतल्या जानेवारीच्या नीचांकाजवळ घसरले. त्या दिवशीची धूळ ना वांद्र्याच्या बांधकामाची होती ना भिवंडीच्या रस्त्याची. शहरातल्या शहरात मोजून, शहरातल्या शहरात उपाय करून असा दिवस हाताळता येत नाही. तो फक्त आधी कळू शकतो.

आधी कळण्याची सोय आपल्याकडे अजिबात नाही, असे मी म्हणत नाही. उलट अभिमान वाटावा असे काम आपल्याच राज्यात झाले आहे. पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने 2010 मध्ये दिल्लीत 'सफर' सुरू केली. पुढे ती पुण्यात, 2015 मध्ये मुंबईत आणि नंतर अहमदाबादला आली. याच संस्थेने 2018 मध्ये दिल्लीसाठी हवेची आगाऊ इशारा प्रणाली उभी केली. त्यात उपग्रहाने टिपलेले धूलिकण आणि जमिनीवरच्या केंद्रांच्या नोंदी संगणकावरच्या प्रारूपात (मॉडेलमध्ये) भरून तीन दिवसांचा सविस्तर आणि दहा दिवसांचा ढोबळ अंदाज निघतो. हे शास्त्रज्ञ पुण्यात बसून दिल्लीच्या धुक्याचा आणि धुरक्याचा अंदाज देतात. तर मग वसई, भिवंडी, अंबरनाथ, पनवेलच्या नागरिकाला उद्याच्या हवेबद्दल त्याच्या भाषेत, त्याच्या गावाच्या नावाने दोन ओळी का मिळू नयेत?

प्रारूप कसे चालते हे थोडे समजून घेतले की अडचण कुठे आहे ते दिसते. त्याला दोन गोष्टी लागतात: कुठून किती धूर-धूळ निघते याची यादी, आणि पुढच्या तीन दिवसांचे हवामान. यादी एकदा केली की काही वर्षे तीच वापरली जाते. तेवढ्यात मेट्रोच्या मार्गिका खोदल्या जातात, सागरी किनारा मार्ग होतो, जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतात आणि राडारोडा वाहणारे डंपर मार्ग बदलतात. हवामानाची बाजू तर किनाऱ्यावर फारच नाजूक. खारा वारा अकरा वाजता आत शिरणार की दीड वाजता, यावर दुपारची सगळी हवा अवलंबून असते आणि हीच वेळ चुकण्याची शक्यता सर्वात जास्त. फेब्रुवारीत मुंबईचा पारा एकदम 36-37 अंशांवर जातो तेव्हा हवामान विभाग कारण सांगतो, की पूर्वेचे वारे जोरात आहेत आणि समुद्रावरचा वारा उशिरा आला. हवेच्या गुणवत्तेचेही कारण तेच असते, पण ते तसे कोणी सांगत नाही. शिवाय जी साधने फक्त मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काढतात, त्यांनी पाहिलेली वर्षेच आता पुन्हा तशी येत नाहीत.

आता माझ्या भागाबद्दल लिहिते, कारण 'प्रदेश' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दुपारी खारा वारा मुंबईची हवा उचलून पूर्वेकडे ढकलतो. वाटेत ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या कारखान्यांचे वायू, कल्याण-भिवंडीच्या रस्त्यांची धूळ आणि वीटभट्ट्यांचा धूर त्यात मिसळतो. पुढे मलंगगड, माथेरान आणि सह्याद्रीची भिंत. म्हणजे वारा मंद असेल तर हे सगळे उल्हास नदीच्या खोऱ्यात साचायला वाव मिळतो. रात्री वारा उलटतो आणि तीच हवा, आमच्याकडची भर घेऊन, पश्चिमेला परत निघते. काही समुद्रावर जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या खाऱ्या वाऱ्यासोबत पुन्हा किनाऱ्यावर येते. आम्ही मुंबईची हवा घेतो आणि मुंबई आमची. तरी मुंबईचा आराखडा वेगळा, ठाण्याचा वेगळा, बदलापूरच्या नगरपरिषदेचा वेगळा. शहरांतले धूलिकण कमी करण्याच्या केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली 19 शहरे आहेत. त्यांत मुंबई, नवी मुंबई, ठाणे, उल्हासनगर, बदलापूर, वसई-विरार ही सहा एकाच हवेत श्वास घेतात. या सहांसाठी अंदाज एकत्र निघायला हवा आणि त्यावरची कारवाईही एकाच दिवशी, एकत्र व्हायला हवी. एका हद्दीत काम थांबवून डंपर शेजारच्या हद्दीत वळवण्यात काही अर्थ नाही.

कारवाईचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. 30 डिसेंबर 2024 रोजी मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील बांधकामे थांबवण्याचे जाहीर केले, कारण तिथला निर्देशांक सातत्याने 200 च्या वर होता. निर्णय धाडसाचा होता आणि त्याबद्दल मी महापालिकेचे मनापासून अभिनंदन करते. हवा सुधारल्यावर काही दिवसांनी बंदी उठली. पण क्रम पाहा: आधी हवा बिघडली, कित्येक दिवस बिघडलेली राहिली, मग आदेश निघाला. निर्देशांकातला कणांचा आकडा हा मागच्या 24 तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. तो 200 पार करतो तेव्हा लोकांच्या फुप्फुसांत जायचे ते जाऊन झालेले असते. वारा पडणार हे जर तीन दिवस आधी दिसत असेल, तर खोदकाम, पाडकाम आणि राडारोड्याची वाहतूक त्या आधीच कमी करता येते. कोंडलेल्या हवेत एक डंपर जेवढे नुकसान करतो तेवढे वाहत्या हवेत करत नाही. त्यामुळे वर्षभर सगळ्यांवर सारखे निर्बंध घालून लोकांचा रोजगार बुडवण्यापेक्षा, कोंडीच्या मोजक्या दिवसांत आधीपासून कडक राहणे मजुरांच्याही हिताचे आहे. त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळेल याची तजवीज मात्र आदेशातच हवी.

दिल्लीत हे तत्त्व कागदावर मान्य झाले आहे. तिथल्या हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने 2022 मध्ये टप्पेवार कृती आराखडा (हवा जितकी वाईट तितके कडक निर्बंध) बदलला आणि वरचे टप्पे निर्देशांक तिथे पोहोचण्याच्या तीन दिवस आधी, अंदाजावरून लागू करायचे ठरवले. अंमलबजावणी नेहमी तशी झाली असे नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये हवा सुधारण्याची वाट पाहत टप्पे लावायला उशीर केला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला फटकारले होते. नेमका हाच धडा आपण आधी घ्यावा. अंदाज 'बिघडेल' म्हणत असेल तर उपाय लगेच सुरू व्हावेत आणि अंदाज 'सुधारेल' म्हणत असेल तर प्रत्यक्ष सुधारेपर्यंत ते सुरू राहावेत. चूक व्हायचीच असेल तर ती काळजीच्या बाजूने व्हावी.

शाळेच्या बाजूने एक गोष्ट सांगते. सकाळची शाळा सातला भरते. मैदानावरची कवायत, खो-खोचा सराव, स्नेहसंमेलनाची तालीम हे सगळे साडेसात ते नऊच्या दरम्यान असते. हिवाळ्यात धुराचे झाकण नेमके याच वेळी डोक्यावर असते आणि रस्त्यावर गर्दीही याच वेळी वाढते. दिवसाचा निर्देशांक 'मध्यम' दाखवत असतानाही त्या दोन तासांतली हवा त्याहून बरीच वाईट असू शकते, कारण दुपारच्या मोकळ्या तासांनी सरासरी खाली आणलेली असते. आमच्या वर्गांत दप्तरात इनहेलर घेऊन येणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी मला 24 तासांची सरासरी नको. आदल्या दिवशी संध्याकाळी 'उद्या सकाळी नऊपर्यंत हवा कोंडलेली राहील, मैदानी तास अकरानंतर घ्या' असे एक वाक्य हवे. वेधशाळा पावसाचा लाल-नारंगी इशारा जिल्ह्यांच्या नावानिशी देते, शिक्षण विभाग त्यावरून सुट्टी जाहीर करतो, पालकांना तो कळतो. हवेसाठी तीच साखळी वापरता येईल. वेगळे ॲप नको.

मुंबईबाहेरच्या शहरांबद्दल थोडक्यात लिहिते, पण ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. चंद्रपूरला 2920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आणि भोवती कोळसा खाणी; थंडीत हवा कोंडली की तिथे काय होते ते तिथले लोक जाणतात. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात परतीचा पाऊस लांबला की ऊसतोड लांबते, आणि तोडीनंतर पाचट जाळले जाते तो काळही पुढे सरकतो. म्हणजे पाऊस हवामानाबरोबर धुराचेही वेळापत्रक बदलतो, आणि जुन्या यादीवर चालणाऱ्या प्रारूपाला ते कळत नाही. उन्हाळ्याचेही तसेच. कडक उन्हात वाहनांच्या धुरातले वायू आणि रसायनांच्या वाफा यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तोही अनेकदा उगमापासून दूर, वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावांत. उष्णतेच्या लाटेचा इशारा देताना ओझोनचाही उल्लेख असावा.

आणखी एक मागणी आहे आणि ती कदाचित आपल्याला रुचणार नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात 2017-18 च्या तुलनेत 2025-26 पर्यंत धूलिकण 40 टक्क्यांपर्यंत कमी करण्याचे लक्ष्य होते आणि शहरांना मिळणारा निधी प्रगतीशी जोडलेला आहे. पण 2022-23 मध्ये उत्तरेतली शहरे सुधारली आणि मुंबई बिघडली, यात वाऱ्याचा वाटा मोठा होता. एखाद्या वर्षी भरपूर वारा वाहिला म्हणून शहराने पाठ थोपटून घेऊ नये आणि वारा पडला म्हणून 'हवामानच खराब होते' ही सबबही सांगू नये. हवामानाचा परिणाम वजा करून खरी घट किती, हे काढण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती उपलब्ध आहेत. मंडळाने दरवर्षी मोजलेली घट आणि ही खरी घट, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही, हे त्याशिवाय कुणालाच कळणार नाही, आपल्यालाही नाही.

तसेच, अंदाज किती वेळा बरोबर आला ते जाहीर व्हावे. गेल्या हिवाळ्यात 'वाईट' हवेचे जे दिवस आले, त्यांतले किती तीन दिवस आधी सांगितले होते? किती इशारे फुकट गेले? अंदाज चुकला तर लोक रागावतील, ही भीती मी समजू शकते. पण पावसाच्या बाबतीत लोकांनी चुका पाहिल्या, कारणे ऐकली आणि तरीही ते वेधशाळेकडेच पाहतात. लपवलेल्या चुकीने विश्वास जातो. चुका समोर आल्या तर शास्त्रज्ञांनाही साधने मागायला आधार मिळेल. ती साधने हवीच आहेत. मुंबईत हवेच्या वरच्या थरांचे तापमान फुग्यांनी मोजले जाते, पण उल्हास खोऱ्यात रात्री झाकण किती उंचीवर बसते ते सतत मोजणारे यंत्र कल्याण-बदलापूर पट्ट्यात एक तरी बसवा. खारा वारा कुठवर पोचला ते टिपण्यासाठी वसई, भिवंडी, अंबरनाथ, पनवेल अशी वाऱ्याच्या नोंदींची रांग उभी करा. उड्डाणपुलाच्या एका खांबाच्या तुलनेत हा खर्च क्षुल्लक आहे.

माझी विनंती अशी, की मुंबई महानगर प्रदेशासाठी एक संयुक्त हवा-अंदाज कक्ष स्थापन करावा. त्यात पुण्याची संस्था, कुलाब्याचे प्रादेशिक हवामान केंद्र, मंडळ आणि सर्व महापालिका-नगरपरिषदा यांचा एकेक जबाबदार अधिकारी असावा. त्या अधिकाऱ्याला अंदाजावरून काम थांबवण्याचे अधिकार आधीच लेखी दिलेले असावेत, म्हणजे फाइल फिरत बसणार नाही. मोसमी पाऊस परतल्यावर लवकरच हवा बिघडू लागते, हे आपण लागोपाठ पाहिले आहे. म्हणून हा कक्ष सप्टेंबर संपायच्या आत कामाला लागावा आणि त्याचे रोजचे मराठी पत्रक संध्याकाळी सहापर्यंत शाळा, दवाखाने आणि वॉर्ड कार्यालयांत पोचावे. या पत्राला उत्तर म्हणून कक्षाच्या स्थापनेचा शासन निर्णय आणि त्याची तारीख कळवावी.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका
बदलापूर, जि. ठाणे